मनगटाचा हिशेब

यवतमाळात डीटीपीचं दुकान थाटायचं म्हटलं, की माणूस दहा ठिकाणी चौकशी करतो. मॉनिटर किती इंची घ्यावा, रॅम किती टाकावी, प्रिंटर कोणता टिकतो, लाइट गेली तर इन्व्हर्टर किती वेळ खेचेल. माउसबद्दल कोणी विचारत नाही. तो कीबोर्डच्या खोक्यात सोबत येतो, नाहीतर मशीन जोडून देणारा वरून देऊन टाकतो. दुकानातली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच, आणि सकाळी शटर वर गेल्यापासून रात्री खाली येईपर्यंत हात असतो तोही तिच्यावरच.

या उलट्या हिशेबाबद्दल मला बरेच दिवस लिहायचं होतं. ग्राफिक डिझाइनचं काम करणाऱ्यानं माउस घ्यावा की ट्रॅकबॉल, असं कोणी विचारलं, तर मी किंमत किंवा कंपनी सांगत नाही. मी त्याचा हात बघतो. कारण ही निवड म्हणजे हाताचा कुठला भाग कामाला जुंपायचा आणि कुठला राखून ठेवायचा, याचा निर्णय आहे. माउसमध्ये कोपरापासून हात फिरतो आणि मनगट घासतं. अंगठ्यानं फिरवायच्या ट्रॅकबॉलमध्ये हात जागचा हलत नाही, सगळा भार अंगठ्यावर येतो. मधोमध मोठा गोळा असलेल्या ट्रॅकबॉलमध्ये तीन बोटं ते काम वाटून घेतात. झिजायचं काहीतरी आहेच. काय झिजवायचं, ते आपल्या हातात आहे.

आमच्या कामाला इथे ऋतू आहेत. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका सुरू होतात आणि उन्हाळाभर चालतात. पावसाळ्यात जरा उसंत, तेवढ्यात पोळ्याच्या शुभेच्छांचे फ्लेक्स. मग नवरात्र. यवतमाळचा दुर्गोत्सव ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या दिवसांतलं शहर सांगायला नको. रात्र उलटून गेली तरी रस्त्यांवरून बाहेरगावच्या माणसांची रीघ सरत नाही. त्याच्या आधीचे पंधरवडे आमचे. पावतीपुस्तकं, बिल्ले, स्वागताचे बोर्ड, कमानी. निवडणूक लागली तर विचारूच नका. आणि ग्राहक खुर्चीच्या पाठीशी उभा असतो. ‘भाऊ, साहेबांचा फोटो थोडा मोठा घ्या न. अन् हे नाव कसं, एकदम जोरदार पाहिजे.’ जोरदार म्हणजे काय, हे त्याला सांगता येत नाही, पण स्क्रीनवर दिसलं की त्याला कळतं. तोवर हात फिरत राहतो.

जवळून पाहायचं असेल तर एका अक्षराचं काम पाहावं. जुन्या दुकानाची पाटी बदलायची असते आणि मालकाला तेच अक्षर हवं असतं, जे त्याच्या वडिलांच्या काळात पेंटरनं ब्रशनं काढलं होतं. पाटीचा मोबाइलवर काढलेला फोटो येतो. समजा नावाची सुरुवात ‘श्री’नं आहे. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये हा फोटो आपोआप ट्रेस करता येतो, एका क्लिकचं काम. पण त्या ट्रेसमध्ये सुटलेल्या रंगाच्या, गंजाच्या, पावसाच्या डागांचाही आकार येतो आणि अक्षराच्या कडेला नोडची, म्हणजे रेघ जिथून वळते त्या बिंदूंची, माळ लागते. स्क्रीनवर ते चालून जातं. रेडियम कटिंगच्या मशीनवर मात्र पाती नोडगणिक अडखळते आणि वेलांटीची कड दातेरी निघते. म्हणून अक्षर हातानंच काढावं लागतं: वळण जिथे सगळ्यात वर जातं तिथे एक नोड, जिथे सगळ्यात बाहेर झुकतं तिथे एक, आणि मधली गोलाई त्या नोडच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या हँडलनं ओढून बसवायची. वेलांटी काढायला तीन-चार नोड पुरतात. जितके कमी नोड तितकी रेघ जिवंत. या वक्राला पिएर बेझिए यांचं नाव मिळालं आहे. ते फ्रान्सच्या रेनो मोटार कंपनीतले अभियंता. गाडीच्या पत्र्याची गोलाई आकड्यांत पकडायला त्यांनी हे गणित वापरलं. आज त्याच गणितावर आमची वेलांटी उभी आहे.

आता त्या नोडवरचा शेवटचा क्षण. कर्सर बरोबर जागी आणलाय, क्लिक करायचं आहे. माउसवर बटण दाबलं की दाबणाऱ्या बोटाचा जोर अख्ख्या माउसला लागतो आणि तो केसभर सरकतो. पत्रिकेच्या मजकुरात ते केसभर कोणाला दिसत नाही. अक्षराच्या कडेवर दिसतं. ट्रॅकबॉलमध्ये गोळा वेगळा आणि बटण वेगळं. कर्सर जागी आला की गोळ्यावरची बोटं उचलायची आणि मग बटण दाबायचं. कर्सर हलायचं कारणच उरत नाही. सेटिंगमध्ये कर्सरचा वेग थोडा उतरवून ठेवला, तर गोळा नखाएवढा फिरवून नोड एखादा पिक्सेल सरकवता येतो. मोठा गोळा बोटांखाली आल्यावर हे पहिल्यांदा अनुभवलं, तेव्हा मला बोरू हातात धरल्यासारखं वाटलं. अक्षर काढताना हात टेकलेला असतो, बोटं तेवढी हलतात.

पण ट्रॅकबॉल सगळीकडे चालतो असं मी सांगणार नाही. फ्लेक्सवर पंचवीस फोटो ओळीनं लावायचे, एकेक उचलून दुसऱ्या टोकाला न्यायचा, तिथे माउसचा हात सरस. गोळ्यावर लांबचं ओढकाम म्हणजे एका बोटानं बटण दाबून धरा आणि उरलेल्यांनी गोळा फिरवत राहा. दुपारपर्यंत पंजा आवळून जातो. केस, साडीचा पदर, बैलाची शिंगं कापून काढायची असतील, तर पेन टूलनं ट्रॅकबॉलवर उत्तम होतं. ब्रशनं मुक्तहस्त काढायचं असेल, तर माउस आणि ट्रॅकबॉल दोन्ही बाजूला ठेवावेत. त्याला पेन टॅब्लेटच हवा. 1983 साली जपानमध्ये सुरू झालेल्या वॅकॉम कंपनीचा पेन हातात घेऊन बघावा: त्यात सेल नसतो, टॅब्लेटमधून येणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींवर तो चालतो, आणि टॅब्लेटचा कोपरा म्हणजे स्क्रीनचा कोपरा. र. कृ. जोशींनी, ज्यांचा ‘मंगल’ फॉन्ट विंडोजमधून घरोघरी पोचला, किंवा 2020 साली गेलेल्या कमल शेडगे यांनी, ज्यांच्या अक्षरांनी मराठी नाटकांच्या जाहिराती दोन पिढ्यांना ओळखीच्या केल्या, आधी कागदावर अक्षर घडवलं. त्या जातीचं काम करायची इच्छा असेल, तर हातात पेनच असावा. आमचं रोजचं काम मात्र बहुतेक वेळ दुसऱ्याचं अक्षर नीट बसवण्याचं असतं, आणि त्याला बोटांखालचा गोळा पुरतो.

माउसमुळे मनगटाला काय होतं, ते आमच्या धंद्यातल्या माणसांना डॉक्टरांच्या आधी एकमेकांकडून कळतं. आधी अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात. मग रात्री झोपेत हात बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. मनगटाच्या आत हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा आहे. बोटांचे स्नायुबंध आणि मध्यवर्ती नस त्यातूनच जातात. स्नायुबंधांना सूज आली की ती नस दबते. कार्पल टनेल म्हणतात ते हेच, आणि ते नुसत्या माउसनंच होतं असं नाही. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण अशी कारणं असतात. मुंग्या यायला लागल्या की डॉक्टरला दाखवावं, नवा माउस हे त्याचं औषध नव्हे. पण मनगट मागे मुडपून टेबलाच्या कडेवर टेकवलेलं, आणि त्याच टेकवलेल्या बिंदूवर हात दिवसभर डावी-उजवीकडे वळवायचा, ही सवय त्या नसेला बरी नाही, एवढं कोणालाही पटेल.

मी सुरुवात अंगठ्याच्या ट्रॅकबॉलवर केली. मनगट सुटलं आणि अंगठा लागला. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या कडेपर्यंत जाणारे स्नायुबंध आहेत, नोडवरच्या बारीक हालचालींनी तेच दुखू लागतात. मेल वाचणं, हिशेब बघणं एवढ्याच कामाला अंगठ्याचा गोळा छान आहे, आणि दुकानातही तोच जास्त मिळतो. दिवसभर नोड हलवणाऱ्यानं मोठ्या गोळ्याचाच घ्यावा, हे माझं ठाम मत आहे. गोळा जितका मोठा, तितकी बोटाची हालचाल मोठी चालते आणि कर्सर तितका बारीक हलतो. केन्सिंग्टन कंपनी असे ट्रॅकबॉल 1980च्या दशकापासून बनवते आहे. किंमत साध्या माउसच्या दहापट किंवा त्याहून जास्त, आणि यवतमाळात हात लावून बघायला मिळणं कठीण. ऑनलाइन मागवावा लागतो, नाहीतर नागपूरला गेलं असताना शोधावा लागतो.

किमतीचं ऐकून मालक लोक मागे सरतात. त्यांना मी त्यांचं काउंटर दाखवतो. आमच्याकडे काउंटरवर काच असते आणि काचेखाली पत्रिकांचे नमुने मांडलेले असतात. हल्लीचा माउस खाली प्रकाश टाकतो आणि त्याच्या पोटातला बारीक कॅमेरा सेकंदाला हजारांहून जास्त चित्रं घेतो. दोन चित्रांतला फरक म्हणजे माउसची चाल. स्वच्छ काचेत त्याला पकडायला पोतच सापडत नाही, मग कर्सर उड्या मारतो. म्हणून प्रत्येक दुकानात माउसखाली काहीतरी घातलेलं असतं: वाया गेलेल्या फ्लेक्सचा तुकडा, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा पुठ्ठा. तो सरकतो, त्याच्या कडा वळतात, चहाचा कप त्यावरच येतो. ट्रॅकबॉलला काच, लाकूड, बिलबुकांचा गठ्ठा सगळं सारखंच. त्याला पंजाएवढी जागा पुरते, कारण तो जागचा हलतच नाही. कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा खण माउसला इतकं दूर ढकलतो, की हात दिवसभर अंगापासून बाहेर राहतो आणि खांदा भरून येतो. तिथेही जागचा न हलणारा गोळा कीबोर्डच्या पुढ्यात, पोटाशी आणून ठेवता येतो. वायरचाच घ्यावा, असंही मी सांगतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना सेल संपला, तर शेजारच्या दुकानात धावावं लागतं.

कापसाचा जिल्हा आहे हा, आणि ती गोष्ट या वस्तूपर्यंत पोचते. पूर्वीच्या माउसच्या पोटात रबर चढवलेली जड गोळी असायची आणि तिला टेकून दोन बारीक रूळ. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या आणि जिनिंगची धडधड चालू झाली, की हवेतले तंतू कुठेही शिरायचे. त्या रुळांना घामात आणि धुळीत मळलेल्या तंतूंची काळी वळी बसायची, कर्सर आडवा चालायचा आणि उभा अडायचा. माउस उलटा करून, खालची चकती फिरवून गोळी काढायची आणि नखानं ती वळी खरवडायची, हे आमच्या पिढीच्या प्रत्येक ऑपरेटरनं केलं आहे. 1999 साली मायक्रोसॉफ्टचा बिनगोळीचा इंटेलिमाउस आला, आणि पुढे असे माउस स्वस्त होत गेल्यावर तो त्रास गेला. ट्रॅकबॉलचा गोळा मात्र उघड्यावर असतो, तीन बारीक मण्यांवर टेकलेला. तंतू त्या मण्यांना धरतात. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर गेला, की कूलरची दमट हवा आणि हाताचा घाम त्यात भर घालतात. आठवड्यातून एकदा गोळा काढून मणी पुसले की झालं. मला हे काम आवडतं. एखादं हत्यार उघडून आतून पुसता येतं, तेव्हा ते आपलं वाटतं; आजकालचा माउस बिघडला, की एका क्लिकचे दोन क्लिक करायला लागतो आणि सरळ कचऱ्यात जातो. खरं तर बटणाखालचा तेवढा स्विच मोबाइल दुरुस्तीवाला झाळून बदलून देऊ शकतो.

लोक ट्रॅकबॉलला नवी फॅशन समजतात. तो माउसच्या आधीचा आहे. 1952 साली कॅनडाच्या नौदलासाठी ‘डाटार’ नावाची यंत्रणा उभारताना अभियंत्यांनी तो बनवला, आणि त्यात गोळा म्हणून बोलिंगच्या खेळातला खराखुरा चेंडू बसवला होता. माउस त्यानंतर बारा वर्षांनी आला. डग्लस एंगलबार्ट यांची कल्पना आणि बिल इंग्लिश यांनी घडवलेला लाकडी ठोकळा, खाली काटकोनात दोन चाकं. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो लोकांपुढे चालवून दाखवला. त्या प्रात्यक्षिकात सगळ्यांना उजव्या हातातला माउस आठवतो. त्यांच्या डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा कीबोर्ड होता, त्यावर ते आज्ञा देत होते, हे बहुतेकांच्या लक्षातून गेलं. उजव्या हातानं जागा दाखवायची आणि डाव्यानं काय करायचं ते सांगायचं, अशी ती जोडी होती. आपण अर्धी जोडी विकत घेतली.

म्हणून नव्या मुलांना मी गोळ्याआधी डावा हात शिकवतो. एफ-टेन दाबलं की नोडचं हत्यार, एफ-फोर दाबलं की सगळं काम स्क्रीनवर, कंट्रोल-क्यू दाबलं की अक्षरांचे कर्व्ह. फ्लेक्सवाल्याकडे आपला फॉन्ट नसतो, त्यामुळे ‘फाइल कर्व्ह करून पाठवा’ हे वाक्य आमच्या धंद्यात दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं. ते मेनूत शिरून करणारा माणूस आणि दोन बोटांनी करणारा माणूस यांच्या मनगटात वर्षाअखेरी फरक पडलेला असतो. तसंच झूमचं. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1954 साली मोजून दाखवलं, की लक्ष्य जितकं लहान आणि जितकं दूर, तितका हाताला तिथे पोचायला वेळ लागतो. नोड मुंगीएवढा दिसत असताना त्याच्यावर नेम धरत बसणं हा हाताचा अपव्यय. चाक फिरवा, जवळ जा, मग धरा. आणि विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये अचूकता वाढवण्याच्या नावाचा जो पर्याय असतो, तो माउसवर नोडचं काम करणाऱ्यानं बंद करावा. त्यानं कर्सरची चाल हाताच्या वेगावर ठरते, हळू नेलं तर कमी, झटक्यानं नेलं तर जास्त, आणि हाताला अंतराची ओळख पटत नाही.

ही हाताची ओळख या गावाला नवी नाही. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी 1918 साली यवतमाळातून ‘लोकमत’ काढलं. त्या काळी, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं, छापखान्यात कंपोझिटर उभ्यानं काम करायचा. डाव्या हातात स्टिक, तिच्यात उजव्या हातानं अक्षराचा एकेक खिळा उलटा लावायचा, आणि ओळ पडू नये म्हणून डाव्या अंगठ्यानं ती धरून ठेवायची. मराठीला खिळे इतके, की खिळ्यांच्या खणांच्या केसच्या टोकापर्यंत हात लांबवावा लागे; म्हणून ज्यांचं काम जास्त पडतं ते खिळे हाताशी आणि क्वचित लागणारे जोडाक्षरांचे लांब, अशी मांडणी असायची. फिट्सचं नावही न ऐकता त्यांनी ते केलं होतं. नंतरचे पाटी रंगवणारे पेंटर डाव्या हातात काठी धरून तिचं टोक पाटीला टेकवत आणि त्या काठीवर उजवं मनगट ठेवून रेघ ओढत. त्या माणसांनी आपलं शरीर आणि आपलं काम यांच्यामध्ये विचार करून काहीतरी ठेवलं होतं. आमच्या वाट्याला खोक्यातला फुकट माउस आला आणि आम्ही तो मुकाट्यानं धरला, याचं मला वाईट वाटतं.

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उरतो. ऑपरेटरचा पगार बघता त्यानं स्वतःच्या खिशातून हे घ्यावं, असं म्हणणं मला बरोबर वाटत नाही. मालक फ्लेक्सच्या मशीनचं हेड बदलायला लागतील ते पैसे मोजतो, कारण हेड बंद पडलं की धंदा बंद पडतो. ऑपरेटरचा हात बंद पडला, तर तो माणूस घरी जातो आणि खुर्चीवर दुसरा येतो. मशीनला जो न्याय, तो माणसाच्या हाताला मिळावा, यासाठी मी माझ्या परीनं दुकानदुकानी बोलत असतो.

घाटंजीकडची एक मुलगी आमच्याकडे काम शिकायला आली. डावखुरी. शाळेत आणि कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये ती माउस उजव्या हातानंच धरायला शिकली होती, कारण तारेची लांबी आणि टेबलाची जागा तशीच होती. हाताच्या आकारात घडवलेले चांगले माउस बहुतेक सगळे उजव्याच हाताचे निघतात; डाव्या हातात ते बसत नाहीत. मधोमध गोळा असलेला ट्रॅकबॉल दोन्ही बाजूंनी सारखा असतो, म्हणून तो तिच्यासाठी मागवला, कीबोर्डच्या डावीकडे मांडला आणि सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल केली. पहिला आठवडा ती वैतागली. मग एका मंडळाच्या बोर्डावरचं ‘दुर्गा’ तिनं काढलं, रफाराचं ते वर जाऊन पुढे झुकणारं वळण दोनच नोडमध्ये, आणि रेडियमच्या पातीनं ते एका दमात कापलं. आता तिच्या मशीनवर दुसरं कोणी बसलं, की त्याचा हात भलतीकडे जातो, चुकीचं बटण दाबलं जातं आणि तो कुरकुरतो. ती मान वर न करता सांगते, ‘ज्याले जमत नसंल त्यानं आपला आणावा.’